नक्की कुठल्या दिवसाचं जहाज?

माझ्या मॉडेल जहाजाच्या मिझनच्या, म्हणजे मागच्या डोलकाठीच्या, रॅटलाइन्स (दोरीच्या पायऱ्या) अजून बाकी आहेत. पण बाहेर पाऊस कोसळतोय आणि पावसाळ्यात रिगिंगला, म्हणजे दोरकामाला, हात लावायचा नाही हे मी एकदा चांगलं ठेच लागून शिकलोय, त्यामुळे चिमटा ठेवून दिलाय आणि आज लिहायला बसलोय. तसंही घरी येणारा प्रत्येक माणूस टेबलावरची बोट बघून तेच तीन प्रश्न विचारतो: किती दिवस लागले, रिमोटवर चालते का, आणि विकली तर किती मिळतील. तर उत्तरं अशी की सहावं वर्ष चालू आहे, नाही चालत, आणि तासाचे पैसे लावायला गेलो तर आमच्या गल्लीतले सुतारकाका पोट धरून हसतील.

बोट म्हणजे त्रिंकोमाली. ब्रिटिश नौदलाची तीन डोलकाठ्यांची फ्रिगेट, म्हणजे वेगवान लढाऊ जहाज, आणि बांधली कुठे, तर आपल्या मुंबईत, फोर्टातल्या गोदीत, जमशेदजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली, मलबारी सागात. १२ ऑक्टोबर १८१७ ला ती पाण्यात उतरली आणि त्यानंतर बरोबर चोवीस दिवसांनी पुण्याजवळ खडकीची लढाई झाली. म्हणजे इकडे पेशवाईचे शेवटचे दिवस भरत आले होते आणि तिकडे मुंबईत हे धूड समुद्रात उतरत होतं. गंमत म्हणजे ती अजून तरंगतेय! इंग्लंडमध्ये हार्टलपूल नावाचं गाव आहे, तिथे म्युझियम म्हणून उभी आहे. दोनशे वर्षं उलटून गेली, मूळ साग बराचसा अजून टिकून आहे. ओकमध्ये आम्ल असतं, त्याने आतले लोखंडी खिळे खाल्ले जातात, आपला साग तेलकट, तो खिळ्यांना सांभाळून घेतो.

हिची जन्मकथाच भारी आहे. डिझाइन मुळात फ्रेंच. १७८२ मध्ये इंग्रजांनी ‘एबे’ नावाची फ्रेंच फ्रिगेट पकडली, ती चालायला इतकी झकास होती की तिच्यावरून त्यांनी आपला लेडा वर्ग काढला आणि पुढे त्याची भरपूर जहाजं बांधली. त्यातलं एक मुंबईला बांधायचं ठरलं, ऑर्डर १८१२ ची. नकाशे ‘जावा’ नावाच्या जहाजातून मुंबईला निघाले आणि डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने जावाला गाठून जाळून टाकलं. नकाशे गेले. मग परत नवीन संच करा, परत सहा-सहा महिन्यांचा प्रवास, असं करत काम सुरू व्हायला १८१६ उजाडलं. आपल्याकडे कुरियर दोन दिवस लेट झालं तर आपण तक्रार टाकतो.

आता दरवेळी येणारा चौथा प्रश्न, जो मित्र विचारतात, थोडा चिडून: महाराजांच्या आरमारातलं गलबत का नाही केलंस? अरे केलं असतं की! आवडलंच असतं. पण करायचं कशावरून? गुराब दोन नाहीतर तीन डोलकाठ्यांचं, गलबताला चाळीस-पन्नास वल्ही, अशी वर्णनं आहेत, चित्रं आहेत, पण ज्याच्यावर पट्टी ठेवून ‘इथे रुंदी इतकी’ असं मोजता येईल असा त्या काळचा बांधणीचा नकाशा माझ्या तरी हाती लागला नाही. आमच्या मिस्त्र्यांच्या डोक्यात सगळं माप असायचं, कागदाचं कामच नव्हतं. त्यावरून सुंदर शोपीस होईल, मॉडेल होणार नाही. निदान मी ज्याला मॉडेल म्हणतो ते नाही. इंग्रजांनी मात्र प्रत्येक कागद जपला, लेडा वर्गाचे नकाशे ग्रिनिचच्या म्युझियममध्ये आहेत. राग येतो पण उपयोग तोच पडतो.

नकाशे आले, प्रमाण ठरलं, १:९६, म्हणजे खऱ्या जहाजाचा एक फूट म्हणजे माझा एक अष्टमांश इंच. गनडेक, म्हणजे तोफांचा मजला, दीडशे फुटांचा, तो होतो साधारण ४८ सेंटिमीटर. रुंदी चाळीस फूट, ती पाच इंच. डोंबिवलीतल्या वन बीएचकेला झेपेल असं जहाज.

आणि इथे पहिला घोळ. मी मुकाट्याने हार्टलपूलच्या जहाजाचे मिळतील तेवढे फोटो गोळा केले आणि नकाशाशेजारी ठेवले, तर मागची बाजू जुळेचना. नकाशात मागे चौकोनी, सपाट, खिडक्यांची रांग असलेली भिंत, फोटोत गोलसर. दोन रात्री मी समजत होतो की माझ्याकडे चुकीचा नकाशा आलाय. मग वाचता वाचता कळलं की १८४५ मध्ये तिच्या तोफा कमी केल्या, मागचा भाग बदलून लंबगोल केला आणि तिला फ्रिगेटची कॉर्व्हेट, म्हणजे एक पायरी खालचं लढाऊ जहाज, केली. म्हणजे आज हार्टलपूलला जाऊन आपण जे बघतो ते मुंबईहून गेलेलं जहाज आहे पण मुंबईहून गेलेलं *रूप* नाही.

मग मुंबईतलं रूप किती दिवस होतं? हे वाचल्यावर मी खुर्चीत मागे टेकून बसलो. १८१७ ला पाण्यात, मग मुंबईहून निघून एप्रिल १८१९ ला पोर्ट्समथ. नेपोलियनशी युद्ध संपलेलं, नौदलाला जहाजांची गरज नाही, म्हणून तिला राखीव म्हणून बाजूला बांधून ठेवली ती थेट १८४५ पर्यंत. पंचवीस-सव्वीस वर्षं! बाहेर काढली ती लगेच बदलण्यासाठी. म्हणजे वाडियांनी बांधलेली, चौकोनी पाठीची, पूर्ण शिडाची त्रिंकोमाली अख्ख्या आयुष्यात एकच लांबचा प्रवास करून आली, मुंबई ते पोर्ट्समथ, बस. मी जे बनवतोय ते या रूपात जेमतेम दीड-दोन वर्षं वापरात असलेलं जहाज आहे.

‘हिस्टॉरिकली ॲक्युरेट’ म्हणताना लोक खिळे आणि दोऱ्या मोजतात, पण आधी तारीख धरावी लागते. तारीख धरली नाही की १८१७ चं बूड, १८४५ ची पाठ आणि कालपरवाच्या रिस्टोरेशनचा रंग असा तीन पिढ्यांचा खिचडा होतो आणि तो दिसायला मस्त दिसतो, तीच तर पंचाईत आहे. मी धरली ती मुंबईहून निघतानाची तारीख.

लाकडी काम भराभर सांगतो कारण ते सगळेच सांगतात. आत प्लायचे आडवे साचे, त्यावर बाहेरून फळ्या. गिरगावात मावशीची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा खिडकीची एक सागवानी चौकट मी लोकलने घरी आणली होती (दुपारच्या स्लोमध्ये, तरी शिव्या खाल्ल्या). सगळं जहाज त्याच सागात करायचं असं रोमँटिक डोक्यात होतं. पण सागाची रेषा जाड, छोट्या प्रमाणात ती रेषाच एक फूट रुंद दिसायला लागते, शिवाय तेलकट असल्याने थिनरने पुसल्याशिवाय फेव्हिकॉल धरत नाही. म्हणून साग फक्त खालच्या कण्याला, म्हणजे कीलला, आणि बाकी फळ्या हळदूच्या. हळदू, काही जण हेद म्हणतात, पिवळसर, एकदम बारीक पोताचं लाकूड, कंगवे करायचे त्याचे पूर्वी. एक मिलिमीटर जाडीची पट्टी पाण्यात भिजवून बायकोच्या हेअर स्ट्रेटनरवर वाकवायची, फर्स्ट क्लास वळते. स्ट्रेटनर आता माझ्या नावावर आहे.

खऱ्या जहाजाच्या कीलमध्ये काम सुरू करताना चांदीचा खिळा ठोकला होता, पारशी रिवाज. मी आईला सहज हे सांगितलं तर ती उठली आणि तुटलेल्या पैंजणाची एक कडी आणून दिली. “हे घे, त्यांनी घातली तर तू पण घाल, उगाच विषाची परीक्षा नको.” कडी सरळ करून तिचा चार मिलिमीटरचा तुकडा सागात ठोकलाय. आता त्यावर तांब्याचे पत्रे बसले, तो कोणाला कधी दिसणार नाही.

पत्र्यांचं एवढंच सांगतो की खरा पत्रा चार फूट लांब आणि चौदा इंच रुंद, म्हणजे माझा पावणेतेरा मिलिमीटर बाय पावणेचार. लॅमिंग्टन रोडला शील्डिंगसाठी चिकटणारी तांब्याची टेप मिळते ती कापून दीड हजारावर तुकडे लावलेत. काही जण त्यावर खिळ्यांचे उठाव ठोकतात. १:९६ मध्ये? तळाला गोवर आल्यासारखं दिसतं! खरा खिळा पत्र्याच्या पातळीत बसलेला असतो, वीस फुटांवरून दिसतसुद्धा नाही.

आता रिगिंग. हाच खरा विषय, आणि याच्यातच माझी अब्रू गेली.

दोरांची मापं कुठून आणायची हा प्रश्न नाही, त्या काळचे छापील तक्ते आहेत, कुठल्या डोलकाठीचा कुठला दोर किती इंच ते सगळं. मी तक्त्यात बघितलं, श्राउड नऊ इंच. श्राउड म्हणजे डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे जाड दोर, ज्याच्यावरून खलाशी चढतात. नऊ इंच भागिले ९६, आले जवळजवळ अडीच मिलिमीटर. घेतला अडीच मिलिमीटरचा दोरा, लावून बघितला, तर डोलकाठीला दोर नाही, अजगर गुंडाळलाय असं दिसायला लागलं. दोन दिवस मी तक्त्यालाच शिव्या देत होतो. मग ट्यूब पेटली, जुन्या काळी दोर परिघाने मोजायचे! नऊ इंच म्हणजे भोवतालचं माप, जाडी त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. म्हणजे पाऊण मिलिमीटर. आमच्याकडे बांगडीचं माप घेताना कोण कशाचं माप घेतोय हे आधी विचारतात, तेवढी अक्कल मला हवी होती.

दुसरं प्रकरण पिळाचं. डोलकाठ्यांचे आणि शिडांचे बहुतेक दोर उजव्या पिळाचे असतात, नांगराचा जाडजूड केबल डाव्या पिळाचा. मी घरीच दोर वळतो, खेळण्यातली मोटर आणि तीन हूक, हॉलच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. छान वळले, रंगवले, मग भिंग लावून बघतो तर सगळे डाव्या पिळाचे. कारण बाजारातला शिलाईचा दोरा मुळात एका पिळाचा असतो आणि तो तीनपदरी वळला की पीळ उलटतो. मग गेलो भुलेश्वरला. एका दुकानात विचारलं, “उलट्या पिळाचा दोरा आहे का?” काउंटरवरच्या काकांनी चष्म्याच्या वरून बघितलं आणि म्हणाले, “साहेब, पंचेचाळीस वर्षं दोरा विकतोय, हे आजपर्यंत कोणी विचारलं नाही.” पण माणूस चांगला, त्यांनी आठ-दहा रिळं काढून दिवसाच्या उजेडात पीळ उलगडून दाखवला. एकही उलटा निघाला नाही. शेवटी मी अगदी बारीक दोरा घेऊन दोनदा वळतो, तीन पदर एकत्र, मग तसे तीन परत एकत्र, म्हणजे पीळ पुन्हा जागेवर येतो. पातळ दोऱ्यांना हे जमत नाही, तिथे डावाच पीळ आहे. लिहून ठेवतो म्हणजे नंतर कोणी भिंग घेऊन आलं तर मी लपवलं असं नको व्हायला.

आणि मग ते पावसाळ्याचं. पहिल्यांदा सगळे दोर मी सुती दोऱ्यात केले होते, कारण ‘नॅचरल फायबर’, खरं जहाज अंबाडीसारख्या दोरांचं, मग मॉडेल पॉलिस्टरचं कसं चालेल वगैरे. मे महिन्यात तिन्ही डोलकाठ्यांचे स्टे, म्हणजे काठीला पुढून ताणून धरणारे दोर, ताणून बांधले, तुणतुण्याच्या तारेसारखे टणक, बोटाने वाजवून दाखवायचो सगळ्यांना. जूनमध्ये पाऊस आला. सुती दोरा ओलावा ओढतो, फुगतो आणि लांबीला आखडतो. पंधरा दिवसांत मेनमास्टचं, म्हणजे मधल्या डोलकाठीचं, वरचं टोक पुढे झुकलं, नमस्कार केल्यासारखं. मी म्हटलं बघू, होईल सरळ. जुलैत एका रात्री कटकन आवाज झाला, बायकोला वाटलं पाल पडली. मिझनचा टॉपमास्ट, म्हणजे काठीचा वरचा जोड, मधून चिरला होता. ऑक्टोबर हीटमध्ये तेच दोर ढिले पडून धुणं वाळत घालायच्या दोरीसारखे लोंबायला लागले. ब्लेड घेऊन सगळं कापून टाकलं. चार महिन्यांचं काम एका रविवारी सकाळी, पोहे खायच्या आधी.

नंतर जाणवलं की हे तर खऱ्या जहाजावरही व्हायचं. दोर भिजले की आखडायचे, वाळले की सैल पडायचे, म्हणूनच श्राउडच्या खाली ती डेडआयची जोडी असते: तीन-तीन भोकांच्या दोन गोल लाकडी चकत्या, मधून ओवलेली बारीक दोरी, ती ढिली करायची, ताणायची, परत बांधायची. शोभेची वस्तू नाही ती, ॲडजस्टमेंटचा स्क्रू आहे! माझ्या बोटीवर मात्र तो फेव्हिकॉलने जाम केलेला होता. आता सगळं पॉलिस्टर, आणि तरीही पावसाळ्यात हात लावत नाही, कारण आतलं लाकूड तर फुगतंच.

डेडआयवरून आठवलं. माझ्या प्रमाणात मोठी चकती तीन मिलिमीटरची आणि तिला अर्ध्या मिलिमीटरची तीन भोकं. सर्किट बोर्डाची भोकं पाडायच्या बारीक बिट्स असतात त्या वापरतो, दहातल्या तीन चकत्या फुटतातच. श्राउडचा दोर वरच्या चकतीभोवती फिरवून त्याचं टोक त्याच दोराला बांधायचं. उजवी बाजू पूर्ण केली, स्वतःवर खूश. मग डावी बाजू, उजवीला आरशात बघितल्यासारखी, इकडे टोक पुढे तर तिकडेही पुढे. साहजिक आहे ना? माणसाचे दोन हात तसेच असतात. पण दोराला ते माहीत नाही. दोराचा पीळ दोन्ही बाजूंना एकच, त्यामुळे चकतीभोवतीचा वेढाही एकाच हाताने घ्यायचा, नाहीतर पीळ उकलायला लागतो. म्हणजे जहाजाच्या आत उभं राहून बघितलं तर टोक दोन्हीकडे एकाच हाताला, आणि बाहेरून बघितलं तर एका बाजूला पुढे, दुसऱ्या बाजूला मागे. हे मला डावी बाजू *पूर्ण झाल्यावर*, रात्री साडेबाराला, एका फोटोत दिसलं. आता घरात कोणालाही हा फरक सांगितल्याशिवाय दिसला नसता. पाहुण्यांना तर जन्मात नाही. पण मला सकाळी चहा पिताना रोज दिसला असता, म्हणून सोडवली. अठरा दिवस गेले.

श्राउड चढवायचाही क्रम आहे, आधी उजवीकडची सगळ्यात पुढची जोडी, मग डावीकडची, मग परत उजवी, अशी एकावर एक डोलकाठीच्या मानेवर थप्पी बसते. एका बाजूने सगळ्या चढवून टाकल्या तर काठी तिकडे कलते, हे मी करून बघितलेलं नाही, एवढं एकच न करता कळलं.

सध्या चाललंय ते रॅटलाइन्स, श्राउडवर आडव्या बांधलेल्या दोऱ्या, खलाशांची शिडी. तेरा इंचांवर एक पायरी म्हणजे माझ्याकडे तीन पूर्णांक चार मिलिमीटर. मागे रेघा मारलेला कागद सरकवायचा, दोन्ही टोकाच्या श्राउड सोडून मधल्या प्रत्येकीवर क्लोव्ह हिच मारायची, एक वेढा वर, एक खाली, चिमट्याने टोक ओढायचं, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा सुईच्या टोकाएवढा थेंब. सुपरग्लू नाही, त्याने दोरा पांढरा पडतो आणि काडीसारखा मोडतो. गाठ जरा जोरात ओढली की शेजारची श्राउड आत खेचली जाते आणि दहा पायऱ्यांनंतर शिडीची कंबर बारीक झालेली दिसते, डमरू. मग सोडा. फोरमास्ट (पुढची डोलकाठी) आणि मेनमास्ट मिळून गाठी हजाराच्या पुढे गेल्या, नंतर मोजणं सोडलं. एका संध्याकाळी चार-पाच पायऱ्या होतात. क्रिकेटची कॉमेंट्री लावून ठेवतो, टेस्ट मॅच असली तर काम चांगलं होतं, टी-ट्वेंटीत गाठी चुकतात.

शिडं लावणार नाही, हे ठरलंय. कापडाचा ताणाबाणा १:९६ मध्ये गोणपाटासारखा दिसतो आणि एवढं करून बांधलेलं रिगिंग मागे झाकायचं कशाला? बंदरात उभी, शिडं उतरवलेली, निघायच्या तयारीत. तारीख तीच.

आता काचेच्या पेटीचं बघायला हवं. काल मी टेप घेऊन मोजलं, पुढचा बोस्प्रिट, म्हणजे जहाजाच्या नाकावरची तिरकी काठी, आणि त्याच्या पुढे निघालेली जिब-बूमची काठी धरून सगळं मिळून ७५ सेंटिमीटर, पेटी धरली तर ८० च्या पुढे. हॉलमधल्या युनिटचा कप्पा ७२. बायको म्हणाली, “टीव्ही हलणार नाही.” मी म्हटलं बघतो काहीतरी. आता खऱ्या जहाजावर बंदरात असताना गर्दी असली की जिब-बूम सरकवून आत घेता यायची, अगदी रीतसर, त्यामुळे माझ्याही बोटीची आत घेतली तर इतिहासाला धक्का न लावता ती कप्प्यात बसते. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. टीव्हीचं काही जमतंय का ते आधी बघतो.